कूस बदलण्याचा तक्ता

टाचेखाली उशी ठेवायची नाही. पोटरीखाली ठेवायची. टाच हवेत राहिली पाहिजे.

*

अकराव्या मजल्यावरच्या त्या घरात तीन संडास आहेत. माझा चौथा. तो तळघरात, गाड्यांच्या मागे, कचऱ्याच्या डब्यांना लागून. जाऊन यायला अठरा मिनिटं लागतात.

*

शिलाई मशीन थांबलं की आईला कळतं, साडेबारा वाजले.

*

दहापैकी सात.

*

मॅडम मला मावशी म्हणतात. मी त्यांच्याहून सहा वर्षांनी लहान आहे.

*

कातडी लाल झाली तर बोटाने दाबून बघायचं. बोट उचलल्यावर पांढरी पडून पुन्हा लाल झाली, तर अजून वेळ आहे. पांढरी पडलीच नाही, तर वेळ गेली.

*

भिंत बोलते. म्हणते, "मावशी, बाबांचं पांघरूण सरकलंय."

*

एकशे तीस फुगे.

*

हे सगळं एकाच गोष्टीतलं आहे. लावते जागेवर. तुम्हाला घाई असायचं कारण नाही, तुमचा संडास घरातच असेल.

मी अटेंडंट. ब्युरोतर्फे जाते, सकाळी सात ते संध्याकाळी सात. साडेतीन वर्षं एकच पेशंट सांभाळला, मॅडमचे सासरे. नोकरीत असताना ते शाळा तपासनीस होते. डावी बाजू गेली, जीभ राहिली. स्वतःहून कूस वळता येत नाही, म्हणून दर दोन तासांनी वळवायचं. सातला डावी, नऊला पाठ, अकराला उजवी, एकला डावी, तीनला पाठ, पाचला उजवी. सातला रात्रीची बाई येते आणि पुन्हा डावीपासून सुरू करते. नाही वळवलं तर हाडाखालची कातडी दबते, लाल होते, फोड येतो, फोडाचं भोक होतं आणि भोकातून हाड दिसतं. त्याला बेडसोर म्हणतात. नाव ऐकायला बरं आहे.

प्रत्येक वेळी तक्त्यावर लिहायचं. तक्ता म्हणजे ब्युरोचा छापील कागद. वेळ, कूस, कातडी, सही. साडेतीन वर्षांत कातडीच्या रकान्यात मी "ठीक" याखेरीज काही लिहिलं नाही, कारण ठीकच होती. त्यांच्या अंगावर एक डाग नाही. माझ्या स्वतःच्या अंगावर आहेत.

संध्याकाळी तपासनीस तक्ता मागून घेतात. उजव्या हातात लाल पेन्सिल धरतात, खाली गुण देतात. सातच्या वर कधी गेले नाहीत.

"आज आठ का नाही?" मी एकदा विचारलं.

"आठ दिले की माणूस सुस्तावतो."

"आणि दहा?"

"दहा मी कुणालाच दिले नाहीत. बायकोलासुद्धा नाही."

"म्हणून लवकर गेल्या."

"काय म्हणालीस?"

"म्हटलं, तोंड उघडा, गोळी आहे."

भिंतीवर कॅमेरा आहे. त्यात मॅडमचे मिस्टर असतात. ते दुसऱ्या शहरात नोकरी करतात आणि जेव्हा वाटेल तेव्हा भिंतीतून बोलतात. बापाला कधी "कसे आहात" विचारलेलं ऐकलं नाही. उशी, पांघरूण, पडदा, आणि मी खुर्चीत नसले तर, "मावशी कुठे आहेत?" मी तेव्हा तळघरात असते. अठरा मिनिटं ते रिकाम्या खुर्चीला विचारत राहतात.

*

आता आई.

आमची खोली त्या घरापासून पाऊण-एक तासावर आहे. दोन बस. आई चार वर्षांपूर्वी दुसऱ्यांच्या जिन्यात पुसता पुसता पडली. कमरेखालचं गेलं. जन्मभर ती गुडघ्यांवर बसून फरशा पुसत होती. आता म्हणते, "गुडघ्यांना आराम आहे."

पहाटे पाचला मी तिला डाव्या कुशीवर वळवते. डावीकडून दार दिसतं. मग पाणी भरते, आमचं आणि शेजारच्या वहिनीचं, आणि निघते. पाणी भरून देण्याच्या बदल्यात वहिनी माझ्या आईला वळवते. ती घरी बसून शर्टांच्या कॉलरी शिवते. आधी ती दोनदा यायची, दहाला आणि दोनला. मग तिच्या कारखानदाराने माल वाढवला. म्हणाला, जमत नसेल तर बाकीच्या बायका आहेत. तेव्हापासून वहिनी एकदाच येते, साडेबाराला, जेवायला उठते तेव्हा.

कारखानदाराला माझ्या आईचा खुबा माहीत नाही. तरी त्यानेच लाल केला.

डावा खुबा. मी बोट दाबलं, उचललं. पांढरं पडलं, पुन्हा लाल झालं.

"वेळ आहे का?" आईने विचारलं. तिला मी हे शिकवून ठेवलंय.

"आहे."

"किती?"

"गप्प पड."

*

त्याच आठवड्यात त्या घरी नवी हवेची गादी आली. जुनीला काही झालं नव्हतं, पण तिचा पंप गुरगुरायचा आणि तपासनीसांची झोप मोडायची. नवी मुकी होती. कंपनीच्या माणसाने जुनी गुंडाळून गॅलरीत टाकली. पंप मी पुसून औषधांच्या कपाटात, खालच्या कप्प्यात ठेवला.

त्या गादीत एकशे तीस फुगे असतात. एक आड एक फुगतात, मग ते बसतात आणि उरलेले फुगतात. माणूस हलला नाही तरी गादी त्याच्याखाली हलत राहते. माझंच काम करते, फक्त तिला तळघरात जावं लागत नाही.

मी दोन दिवस गॅलरीत कपडे वाळत घालताना तिच्याकडे बघत होते. तिसऱ्या दिवशी विचारलं.

"मॅडम, ती जुनी गादी टाकून देणार असाल तर..."

"टाकून कोण देतंय?"

"नाही, कुणाला हवी असेल तर म्हणते."

"कुणाला?"

इथे थांबा. ब्युरोत पहिल्या दिवशी सांगतात, घरी कुणी आजारी असेल तर बोलायचं नाही. बोललात की घर मिळत नाही. लोक म्हणतात, हिचा जीव घरी अडकणार आणि आमच्याकडे नुसते हात येणार. सगळ्या अटेंडंटांच्या घरची माणसं ठणठणीत असतात. कागदावर आमच्याइतकी निरोगी घरं कुणाची नाहीत.

"ओळखीत एक म्हातारी आहे," मी म्हणाले. "अंथरुणातच असते."

मॅडमनी फोनवरून मान वर केली नाही. "मावशी, आज एका ओळखीला दिलं की उद्या दहा ओळखी निघतात. तुम्हाला म्हणून नाही म्हणत हां. आम्ही ती संस्थेला देतोय. खऱ्या गरजूला मिळेल."

"खरी गरजू कोण, ते कसं ठरतं?"

"फॉर्म असतो ना."

*

संस्थेचा फॉर्म, माझ्या सुट्टीच्या दिवशी भरलेला.

रुग्णाशी नातं: मुलगी.

किती काळ अंथरुणात: चार वर्षं.

वीज आहे का: आहे. जाते.

काळजी घेणारी व्यक्ती दिवसभर रुग्णाजवळ असते का:

इथे मी पेन उचललं. टेबलामागचा माणूस म्हणाला, "नसते लिहू नका. अर्ज परत जातो. गादीवर लक्ष द्यायला माणूस लागतं."

"मग असते लिहू?"

"असते लिहिलंत तर विचारतात, दिवसभर घरी असता तर काम का करत नाही."

"मग काय लिहू?"

"ते मी कसं सांगणार? मी फक्त फॉर्म देतो."

मी लिहिलं: अधूनमधून.

सोबत जोडा: रुग्णाचा अंथरुणातला फोटो. त्वचेचा त्रास स्पष्ट दिसावा.

*

फोटो वहिनीने काढला. तिच्या फोनची काच फुटलेली, पण फोटो स्वच्छ येतो.

मी आईला उजव्या कुशीवर वळवलं, डावा खुबा वर दिसेल असा. दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी. पोटरीखाली टॉवेलची गुंडाळी. टाच हवेत. चादर चारी बाजूंनी ताणून खाली खोचली.

"अगं, जरा गरीब दिसू दे तिला," वहिनी म्हणाली. "चादर कशाला इस्त्री केल्यासारखी करतेस?"

"सुरकुती राहिली की कातडी सोलते."

"फोटोत नाही सोलत."

"राहू दे. तू काढ."

"केस तरी विसकट."

"मी हसू का?" आईने विचारलं.

"नको!" आम्ही दोघी एकदम ओरडलो.

चूक तिथेच झाली. तुम्ही फोटो काढला असता तर तुमच्या हातून ती झाली नसती, कारण तुमच्या भिंतीवर काहीतरी वेगळं असतं, घड्याळ नाहीतर कॅलेंडर. माझ्या भिंतीवर, आईच्या उशाशी, तक्ता होता. ब्युरोचा छापील कागद. कोरे जास्तीचे मिळतात, मी घरी आणते. पेशंट आहे तिथे तक्ता आहे. इतक्या वर्षांत माझ्या डोळ्यांना तो वेगळा दिसतच नाही. पलंगाला पाय असतात, तसा पेशंटला तक्ता असतो.

त्यावर माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं: पाच, डावी, सही. साडेबारा, पाठ, वहिनीची बरोबरची खूण. सव्वाआठ, उजवी, सही. आणि कातडीच्या रकान्यात, गेले नऊ दिवस, "लाल".

खोटं लिहायची मला सवय नाही. बोलायची आहे.

*

गुरुवार. पावणेबारा.

तपासनीस उजव्या कुशीवर होते, अकराला वळवलेले. मॅडम खोलीत आल्या, हातात फोन.

"मावशी, संस्थेने फोटो पाठवलेत. पाच जण आहेत. दाता म्हणून कुणाला द्यायची ते मी ठरवायचं. मला तर बघवत नाही हो. तुम्हाला यातलं कळतं, सांगा बरं, जास्त कुणाची आहे?"

त्यांनी फोन माझ्यासमोर धरला आणि स्वतः खिडकीकडे बघत अंगठा सरकवत गेल्या.

पहिली बाई. पाठीवर फोड. दुसरा म्हातारा, टाच काळी. तिसरा तरुण माणूस, माकडहाडाशी मुठीएवढं भोक, आत पिवळं.

चौथी माझी आई. कॅमेऱ्याकडे बघत होती. न हसण्याचा प्रयत्न करत होती, आणि तो जमला नव्हता.

"सांगा ना."

मला सांगायचं होतं, तिसरा. कुठलीही अटेंडंट तेच सांगेल. पण दुसरी गोष्टही खरी होती आणि मी ती बोलले.

"तिसऱ्याचं गादीने काही होणार नाही आता. त्याला डॉक्टर पाहिजे, कापून साफ करावं लागेल. चौथीची आत्ता नुसती लाल आहे. आत्ता गादी मिळाली तर थांबेल."

मॅडमनी फोन वळवून स्वतःकडे घेतला. "ही? हिला काय झालंय? किती टापटीप आहे सगळं. पांढरीशुभ्र चादर. ही कसली गरजू?"

"चादर पांढरी असली की जखम होत नाही असं नाही."

"तुम्ही तिची फार बाजू घेताय."

"तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं."

मग त्यांनी दोन बोटं काचेवर ठेवून फाकवली. आई मोठी झाली. आणखी फाकवली. आई बाजूला गेली आणि भिंत आली.

"हा तर आपल्यासारखाच कागद आहे."

मी पांघरूण सारखं करायला वाकले. ते सारखंच होतं.

सही ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. साडेतीन वर्षं रोज संध्याकाळी तीच सही बघून त्यांनी फोटो काढलाय आणि भिंतीतल्या माणसाला पाठवलाय.

"ही कोण?"

"आई."

"कुणाची?"

"माझी."

"तुम्ही म्हणाला होतात घरी कोणी आजारी नाही."

"म्हणाले होते."

"म्हणजे साडेतीन वर्षं खोटं बोलताय?"

"एकदाच बोलले. नंतर तुम्ही परत विचारलं नाहीत."

भिंत म्हणाली, "काय चाललंय तिथे? बाबा ठीक आहेत ना?"

"तू तुझी मीटिंग कर," मॅडम भिंतीला म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. फोन त्यांनी अजून डोळ्यांसमोर धरला होता आणि त्या वाचत होत्या. "पाच वाजता डावी. मग एकदम साडेबारा. मग सव्वाआठ. म्हणजे साडेसात तास. आणि इथे पावणेआठ. स्वतःच्या आईला आठ-आठ तास एका कुशीवर टाकून ठेवतेस तू?"

"तुम्ही" गळून पडलं होतं. "मावशी"सुद्धा.

"आणि अशा बाईच्या हातात आम्ही बाबांना दिलं!"

मी ऐकलं. मला वाटलं, एवढं शिकलेलं माणूस, कागद समोर धरला तर वाचेल. मी पलंगाच्या पायथ्याचा तक्ता काढून त्यांच्या फोनशेजारी धरला.

"मॅडम, हा आईचा. पाच ते साडेबारा मोकळा. हा तुमच्या सासऱ्यांचा. सात, नऊ, अकरा. साडेबारा ते सव्वाआठ मोकळा. एक, तीन, पाच. तिथे जे मोकळं आहे ते इथे भरलंय. माझ्याकडे हातांची एकच जोडी आहे."

"मला गोंधळात टाकू नकोस. तुझ्या घरचे प्रॉब्लेम ते तुझे. आम्ही तुला धरून आणलं नव्हतं. आणि रोज त्या घाणीतून येऊन तू बाबांना हात लावतेस? इन्फेक्शन झालं असतं तर?"

"झालं का?"

"उलट उत्तरं नकोत."

"इकडे आणा," तपासनीस म्हणाले.

आम्ही दोघी त्यांना विसरलोच होतो. ते भिंतीकडे तोंड करून पडलेले होते. "दोन्ही इकडे आणा. चष्मा."

मी चष्मा लावला. मॅडमनी फोन धरला, मी कागद. ते बराच वेळ बघत राहिले. नाकपुड्या फुगवून, शाळेत फिरत असतील तसे.

"अक्षर एकच आहे," ते म्हणाले.

"हो बाबा, तेच तर म्हणतेय मी."

"या वहीत," फोनकडे लाल पेन्सिल दाखवत, "जागा सोडलेल्या आहेत. शून्य."

"ऐकलंस?" मॅडम म्हणाल्या.

मी कागद पुढे सरकवला. "आणि हिला?"

"सात. रोजचेच."

"मग एकाच बाईला शून्य पण आणि सात पण, हे कसं?"

"तपासनीस बाईला गुण देत नाही," ते म्हणाले. "वहीला देतो."

चाळीस वर्षं या माणसाने असंच केलं असणार. कुठल्या तरी छप्पर नसलेल्या शाळेत उभं राहून, पोरांच्या भिजलेल्या वह्या बघून.

*

मॅडमनी ब्युरोला फोन लावला, स्पीकरवर, मला ऐकू यावं म्हणून. ब्युरोवालीने माझ्याबद्दल तीनदा सॉरी म्हटलं. आम्हाला कल्पनाच नव्हती, म्हणाली. आईला कसं ठेवायचं ते शिकवताना घरी कोरे तक्ते नेऊन सराव कर म्हणणारी हीच. उद्या सकाळी नवी बाई पाठवते, म्हणाली. आज लगेच कोणी नाही.

"ठीक आहे," मॅडम म्हणाल्या आणि मला म्हणाल्या, "आज सातपर्यंत कर आणि उद्यापासून येऊ नकोस."

"मी कामावर आहे की नाही?"

"नाहीस. सांगितलं ना."

"मग सातपर्यंत कुणाची म्हणून थांबू?"

"म्हणजे काय? बाबांना असंच टाकून जाणार?"

टाकून हा शब्द त्या दिवशी दुसऱ्यांदा आला. पहिल्यांदा माझ्या आईसाठी होता.

घड्याळात एकला दहा कमी होते. मी ॲप्रन काढला, घडी केली, खुर्चीवर ठेवला. पिशवी घेतली. मग पॅसेजमधून सरळ पाहुण्यांच्या संडासात गेले आणि आतून कडी लावली. छोटे छोटे टॉवेल गुंडाळून टोपलीत ठेवले होते. एकेका हाताला एकेक असावा. मी चार वापरले.

"मावशी!" मॅडम दार ठोकत होत्या. "मावशी, कुठे गेलात तुम्ही? अहो मावशी!"

दोन मिनिटं लागली. सगळं मिळून दोन मिनिटं. साडेतीन वर्षं, दिवसातून तीनदा, प्रत्येक वेळी सोळा मिनिटं जास्तीची. आकडेमोड तुम्ही करा.

बाहेर आले तेव्हा तपासनीसांनी हाक मारली. हाक नाही म्हणता येणार. "ए," म्हणाले.

मी दारात उभी राहिले.

"एकची कूस?"

"मॅडमना सांगा."

"तिला येत नाही."

"शिकतील."

"बाई," ते म्हणाले. हा शब्द त्यांनी माझ्यासाठी कधी वापरला नव्हता. आवाज शाळेचा नव्हता, अंथरुणाचा होता. "मला भीती वाटते ती हलवताना. ती ओढते."

आधी गुडघा वाकवायचा. मग एक हात खांद्यावर, एक खुब्यावर, आणि ओढायचं नाही, आपल्याकडे लोळवायचं, दाराचं पान उघडतो तसं. एवढंच. सांगायला एक मिनिट लागतं.

मी सांगितलं नाही.

"फॉर्म भरा," म्हटलं, आणि लिफ्टचं बटण दाबलं.

अकरा ते सात. बोटांवर मोजायची गरज नाही, आठ तास होतात. पण त्यांच्याखाली नवी गादी होती, मुकी, एकशे तीस फुग्यांची. आठ तासांत फार तर लाल झालं असेल. दाबल्यावर पांढरं पडणारं लाल. वेळ असलेलं.

*

फाटकावर वॉचमनने पिशवी उघडून बघितली.

"आज लवकर?"

"हो."

"हे कागद कसले?"

"कोरे आहेत."

"जा."

*

घरी पोचले तेव्हा वहिनीचं मशीन चालू होतं. आई पाठीवर होती. दिवसाच्या उजेडात मला दारात बघून तिने आधी छताकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"सुट्टी?"

"हो."

"काढून टाकलं ना?"

"हो."

"माझ्या फोटोमुळे?"

"हसलीस म्हणून."

"मग आलीच आहेस तर उजवीकडे वळव. खिडकी बघू दे. दुपारची कधी बघितली नाही."

मी वळवली. दुपारच्या बस उशिरा येतात, तीन वाजले होते. पाचला पाठ. सातला डावी. नऊला पुन्हा उजवी. तक्त्यावर जागा उरली नाही. दुसऱ्या दिवशी नवा कागद, तोही भरला. तिसऱ्या दिवशी वहिनी डोकावली, म्हणाली, "काय गं, आता तुझी आई श्रीमंतासारखी लोळतेय."

नवव्या दिवशी कातडीच्या रकान्यात मी "ठीक" लिहिलं. त्याच दिवशी वहिनीच्या घरून तांदूळ आणायची तिसरी वेळ होती.

अकराव्या दिवशी ब्युरोला फोन केला. ब्युरोवाली म्हणाली, "बघ, नाव खराब झालंय तुझं, पण एक घर आहे. लांब आहे. तीन बस लागतील. घरी कोणी आजारी नाही म्हणून सांगायचं, आणि या वेळी भिंतीकडे लक्ष ठेव."

आता मी पहाटे साडेचारला वळवते.

*

गादी तिसऱ्याला मिळाली. संस्थेने फोटो टाकला, टेबलामागच्या माणसाने वहिनीच्या फोनवर पाठवला, तुमचा अर्ज नामंजूर, या निरोपासोबत. फोटोत मॅडम आहेत, गादीचं एक टोक धरून. दुसरं टोक त्या तरुण माणसाच्या बायकोने धरलंय. ती मॅडमकडे बघतेय, मॅडम कॅमेऱ्याकडे.

पंप फोटोत नाही. पंप औषधांच्या कपाटात, खालच्या कप्प्यात आहे. तो तिथे आहे हे त्या घरात फक्त मला माहीत होतं. पंपाशिवाय ती गादी म्हणजे प्लास्टिकचा ताव. त्यावर माणूस घामाने आणखी लवकर सोलतो.

संस्थेचा नंबर वहिनीच्या फोनमध्ये आहे. मी फोन केला नाही. त्याच्या बायकोने तुझं काय वाईट केलंय, असं वहिनीने विचारलं. काही नाही, मी म्हटलं. ती पुन्हा मशीनवर बसली. त्या रात्री साडेनऊला आईला वळवायला मी पाच मिनिटं उशीर केला आणि तक्त्यावर साडेनऊच लिहिलं. पहिल्यांदाच.

*

साडेतीन वर्षांपूर्वी, मुलाखतीच्या दिवशी, मॅडमनी विचारलं होतं, घरी कोणी आजारी वगैरे नाही ना. तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते, वहिनी अजून यायला लागली नव्हती. आई पहाटे पाचपासून डाव्या कुशीवर होती.